जुन्या मोटारीचा आवाज



इतिहास म्हटला की आपण मोर्णेकाठचा असदगड पाहतो, जुन्या शहरातल्या वेशी पाहतो, कोरलेला लेख कोणाकडून तरी वाचून घेतो आणि सनावळी पाठ करतो. ते योग्यच आहे. पण इतिहासाला राहायला दगडच लागतो असे थोडेच आहे? बंद पडलेल्या जिनिंग फॅक्टरीच्या इंजिनात तो असतो, आजीच्या फडताळातल्या पितळी डब्यात असतो, आणि जुन्या मोटारीत चालवणाऱ्याच्या डाव्या हाताला, दोन गुंड्या आणि मध्ये आकड्यांची पट्टी असलेली जी लोखंडी पेटी दिसते, तिच्यातही असतो. ही पेटी म्हणजे मोटारीतला रेडिओ. आज तिच्याविषयी चार गोष्टी सांगायच्या आहेत, आणि शेवटी एक विनंती करायची आहे.

विनंती कशासाठी, ते आधीच सांगून टाकतो. जुन्या गाड्या हौसेने सांभाळणारी माणसे आता सगळीकडे दिसू लागली आहेत. कोणाकडे आजोबांची फियाट असते, कोणाकडे शेतावर राबलेली जीप. मुंबई-पुण्याकडे एखाद्या शौकिनाकडे दोन माणसांची, उघड्या टपाची एमजी किंवा ट्रायम्फसारखी स्पोर्ट्स मोटारही निघते. इंजिन दुरुस्त होते, रंग होतो, गाद्या होतात. मग घरातला मुलगा म्हणतो, ‘बाबा, एवढं सगळं झालं, आता यात गाणी नकोत का?’ गाणी हवीतच. पण त्यासाठी पत्रा कापायचे यंत्र येते, जुनी पेटी भंगारात जाते आणि तिच्या जागी चकचकीत नवी येऊन बसते. काम तासाभराचे असते. मात्र त्या तासाभरात जे जाते ते पुन्हा भरून येत नाही. काय जाते, हे समजायचे तर ती पेटी मोटारीत कशी आली हे पाहिले पाहिजे.

मोटार आणि रेडिओ हे दोघे जवळजवळ एकाच काळात वाढले, पण त्यांचे लवकर जमले नाही. अडचणी तीन होत्या. पहिली विजेची. त्या काळचा रेडिओ काचेच्या व्हॉल्व्हवर चाले आणि व्हॉल्व्हला शंभर-दोनशे व्होल्ट दाबाची वीज लागे. मोटारीतली बॅटरी असे सहा व्होल्टची. दुसरी अडचण खरखरीची. पेट्रोलच्या इंजिनात प्लगमध्ये ठिणगी पडते, तेव्हा इंधन पेटते. आणि गंमत अशी की बिनतारी संदेशाची पहिली यंत्रे ठिणगीवरच चालत. म्हणजे मोटारीचे इंजिन हे स्वतःच एक लहानसे प्रक्षेपण केंद्र झाले! ते सारखे कडकड करीत असताना शेजारच्या रेडिओला गाणे कुठून ऐकू येणार? तिसरी अडचण खड्ड्यांची. तिच्याविषयी वऱ्हाडातल्या श्रोत्यांना मी काय सांगावे?

या अडचणींवर अमेरिकेत शिकागोच्या पॉल आणि जोसेफ गॅल्विन या भावांनी वाट काढली. १९३० च्या जून महिन्यात अटलांटिक सिटी येथे रेडिओवाल्यांचे संमेलन भरले होते. तेथे पॉल गॅल्विन यांनी आपल्या गाडीत बसवलेला रेडिओ लोकांना ऐकवला. मोटार या शब्दाला शेपूट जोडून त्यांनी त्याचे नाव ठेवले मोटोरोला. पुढे त्यांच्या साऱ्या कंपनीलाच ते नाव मिळाले. त्यापूर्वीही मोटारीत रेडिओ ठेवण्याचे प्रयोग झाले होते, पण ते अवजड आणि फार महाग होते. युरोपात ब्लाउपुंक्ट या जर्मन कंपनीने १९३२ साली मोटारीचा रेडिओ आणला. त्याची किंमत एका मोटारीच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याइतकी होती असे सांगतात. म्हणजे बैलजोडी घ्यावी आणि घुंगरांनाच एका बैलाचे पैसे मोजावेत, तसा प्रकार.

विजेची अडचण सुटली ती व्हायब्रेटर नावाच्या एका लहान नळकांड्यामुळे. शिक्षक मंडळींना हे वर्गात सहज सांगता येईल. विजेच्या घंटेत लोखंडी पट्टी थरथरते आणि वीज सारखी जोडते-तोडते. व्हायब्रेटरमध्ये हेच होते, फक्त ते सेकंदाला शंभरएक वेळा होते. बॅटरीची सरळ वाहणारी वीज अशी तुटक झाली की ती ट्रान्सफॉर्मरमधून नेऊन तिचा दाब वाढवता येतो. म्हणूनच जुना मोटार-रेडिओ लावला की आधी बारीक घुंघुं ऐकू येते. व्हॉल्व्ह तापायला अर्धा-एक मिनिट लागते, आणि मग हळूहळू आवाज उमलतो. खरखरीवर उपाय म्हणून प्लगच्या तारांत रोधक घातले, डायनॅमोला कंडेन्सर जोडला आणि रेडिओ लोखंडी पेटीत बंद केला. ती पेटी शोभेची नाही, बरं का! इंजिनाच्या कडकडाटापासून रेडिओला वाचवणारी ती तटबंदी आहे.

आता आपल्या देशाकडे येऊ. मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. ऑल इंडिया रेडिओ हे नाव १९३६ साली मिळाले. आपल्या बाजूला जवळचे केंद्र म्हणजे नागपूर. ते १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. त्या काळी वऱ्हाडात मोटार होती ती कापसाच्या व्यापाऱ्याकडे, एखाद्या बड्या वकिलाकडे, डॉक्टराकडे. मोटारीत रेडिओ असणे तर त्याहून दुर्मीळ. पण एक नाते ध्यानात घेण्याजोगे आहे. ज्या गावांत वीज पोचली नव्हती, तेथे चावडीवरचा सामुदायिक रेडिओही बॅटरीवरच चाले. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्राने पाच मराठी जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची रेडिओ श्रोतृमंडळे चालवली. माणसे जमत, कार्यक्रम ऐकत आणि त्यावर चर्चा करीत. चावडीचा तो संच आणि शेठजींच्या मोटारीतला संच यांची ऐपत वेगळी, पण नाते भावाभावाचे. दोघेही बॅटरीचे, आणि बॅटरी उतरली की दोघेही मुके.

मोटारींच्या बाबतीत स्वातंत्र्यानंतर एक मोठा निर्णय झाला. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना काढला होता. नुसते परदेशी भाग आणून गाड्या जोडणे यापुढे चालणार नाही, गाडी इथेच बनवली पाहिजे, असे सरकारचे धोरण १९५० नंतर ठरले आणि जनरल मोटर्स व फोर्ड यांनी १९५४ च्या सुमारास येथला कारभार आवरला. मैदानात राहिले ते वालचंद हिराचंद यांनी काढलेला कुर्ल्याचा प्रीमियर कारखाना, कलकत्त्याकडचा हिंदुस्थान मोटर्स आणि मद्रासचा स्टँडर्ड. परदेशी स्पोर्ट्स गाड्या येणे जवळजवळ थांबले. आधी आलेल्या होत्या त्या राजेरजवाड्यांच्या आणि मुंबईच्या शौकिनांच्या हाती राहिल्या. मध्यमवर्गाने स्पोर्ट्स मोटारीची हौस भागवली ती १९६१ पासून मद्रासला बनलेल्या दोन दारांच्या स्टँडर्ड हेराल्डवर. खरीखुरी दोन आसनांची, उघड्या टपाची देशी मोटार पाहायला १९९० नंतरचे दशक सरत यावे लागले. तेव्हा गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची गाडी तयार झाली. तिचे इंजिन रेनोचे आणि अंग फायबरचे होते. असल्या ठेंगण्या गाडीने जुन्या शहरातल्या गल्ल्या आणि गतिरोधक कसे ओलांडले असते, ते राजराजेश्वरालाच ठाऊक!

या धोरणाचा एक परिणाम फारसा कोणी नोंदलेला नाही. नवी गाडी मिळायला वर्षानुवर्षे नंबर लावून थांबावे लागे, परदेशी सुटे भाग मिळत नसत. म्हणून आपल्याकडे दुरुस्तीचे शास्त्र वाढले. गावोगावचा रेडिओ मिस्त्री हा त्या शास्त्राचा पंडित. सर्किटचा नकाशा हाती नसला तरी कानाने ऐकून, बोटाने चाचपून तो दोष हुडकी. व्हायब्रेटर चिकटला तर उघडून त्याची टोके घासून देई, जळलेला ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळी, कर्ण्याचा फाटलेला कागद चिकटवी. विद्यापीठाने त्याला पदवी दिली नाही. पण या देशातला निम्मा रेडिओ त्याच्या डाखाच्या कानसावर टिकला, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

आणखी एक पुरावा या पेटीबरोबर असे, तो म्हणजे परवाना. रेडिओ बाळगायला सरकारी परवाना लागे, तसा मोटारीतल्या रेडिओलाही लागे. पोस्टात जाऊन वार्षिक फी भरायची आणि पुस्तकावर तिकीट लावून शिक्का मारून घ्यायचा. १९७० नंतरच्या दशकात ही फी पंधरा रुपये होती. तपासनीस आला आणि पुस्तक नसले तर दंड होई, प्रसंगी संच जप्त होई. १९८४ साली ही पद्धत उठली. आज कोणाच्या ट्रंकेत असे पुस्तक सापडले, तर ते फेकू नका. त्यावरच्या शिक्क्यांवरून तो रेडिओ कोणत्या गावी किती वर्षे होता, हे सांगता येते. शिलालेखावरून आपण आणखी वेगळे काय काढतो?

ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ च्या डिसेंबरात लागला आणि १९५५ साली अमेरिकेत फिल्को आणि क्रायस्लर यांनी मिळून केवळ ट्रान्झिस्टरवर चालणारा मोटारीचा रेडिओ बाजारात आणला. व्हायब्रेटर गेला, काचा गेल्या, वाट पाहणे संपले. १९६३ साली फिलिप्सने कॅसेट काढली. ‘स्टिरिओ’ हा शब्द खरा घराघरात गेला तो या कॅसेटमुळे. त्याचे कारण सोपे आहे. स्टिरिओ म्हणजे डाव्या आणि उजव्या कानासाठी दोन वेगळे आवाज. आपल्या मध्यम लहरींवरचा रेडिओ एकपदरी आवाज देई. गाडीत दोन कर्णे लावले तरी दुसरा पहिल्याचीच री ओढी. कॅसेट आली तेव्हा दुसऱ्या कर्ण्याला स्वतःचे काही सांगायला मिळाले. देशात एफएम प्रक्षेपणाची सुरुवात १९७७ साली मद्रासला झाली, आणि ते गावाकडे पोचायला पुढे बरीच वर्षे गेली.

कॅसेटने दुसरीही गोष्ट केली. रेडिओवर काय लागायचे ते केंद्र ठरवी. कॅसेट कोणती घालायची ते गाडीवाला ठरवू लागला. १९८० नंतर कॅसेटी स्वस्त झाल्या आणि प्रल्हाद शिंदे यांच्या आवाजातली भीमगीते आणि विठ्ठलाची गाणी, कीर्तने, भारुडे काळ्या-पिवळ्या जीपगाड्यांतून तालुक्याच्या रस्त्यांवर फिरू लागली. बाजाराच्या दिवशी पायदानावर लोंबकळत गावी परतणाऱ्या माणसाने ऐकलेले संगीत हेच. त्याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. ती त्या जीपच्या डेकमध्ये आणि त्या माणसाच्या कानात आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. तुमच्याकडे जुनी गाडी आहे आणि तिचा आवाज परत आणायचा आहे. मिस्त्रीच्या हाती किल्ली देण्याआधी पाच गोष्टी विचारून घ्या.

पहिली, बॅटरी किती व्होल्टची? जुन्या विलीज जीपसारख्या काही गाड्या सहा व्होल्टच्या होत्या. आजचे संच बारा व्होल्टचे असतात.

दुसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. गाडीच्या सांगाड्याला बॅटरीचे कोणते टोक जोडले आहे? आज सर्वत्र ऋण टोक जोडतात. पण १९६० नंतरच्या दशकाच्या मध्यापर्यंत पुष्कळशा ब्रिटिश गाड्यांत धन टोक सांगाड्याला असे. एमजीबी ही प्रसिद्ध स्पोर्ट्स मोटार १९६७ पर्यंत अशीच होती. नव्या संचाची लोखंडी पेटी ऋण टोकाला जोडलेली असते. असा संच धन सांगाड्यावर स्क्रूने आवळला की बॅटरीची दोन्ही टोके सरळ एकमेकांना भिडतात. फ्यूज असला तर तो उडतो, नसला तर तारा पेटतात. म्हणून मीटर लावून पाहिल्याशिवाय हात लावू नये आणि काम चालू असेपर्यंत बॅटरीची तार सोडून ठेवावी.

तिसरी, कर्ण्याच्या तारा. जुन्या गाडीत पुष्कळदा कर्ण्याची एकच तार रेडिओकडे जाई आणि दुसरी सरळ पत्र्याला जोडलेली असे. नव्या संचात कर्ण्याची कोणतीच तार पत्र्याला लागून चालत नाही. लागली तर आतला ध्वनिवर्धक जळतो. तेव्हा प्रत्येक कर्ण्याला दोन स्वतंत्र तारा नव्याने ओढाव्यात.

चौथी, वीज किती आहे? जुन्या डायनॅमोची ताकद बेताची असते. रात्री दिवे लावून मोठा आवाज करणारा संच चालवला, तर सकाळी गाडी ढकलायला शेजारी बोलवावे लागतात.

पाचवी, जागेची. जुन्या रेडिओला दोन गुंड्यांची दोन भोके आणि मध्ये पट्टीची फट असे. पुढे जर्मनीत माप ठरले, १८२ मिलिमीटर लांब आणि ५३ मिलिमीटर उंच, आणि तेच जगभर चालले. नवा संच या मापाचा असतो आणि जुनी फट त्याहून लहान. इथेच ते पत्रा कापायचे यंत्र निघते. आणि इथेच थांबावे, एवढे माझे म्हणणे.

का थांबावे? कारण तार परत जोडता येते, कर्णा बदलता येतो, रंगही पुन्हा देता येतो. कापलेला पत्रा मात्र परत येत नाही. जुन्या शहराच्या तटाचे बघा. तट बहुतेक गेला. दहीहांडा वेस, अगरवेस ही नावे तेवढी रोजच्या बोलण्यात राहिली. रस्ता रुंद करताना त्या लोकांना गरज होतीच, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण मोटारीत तशी गरज नसते. तेथे दुसऱ्या वाटा मोकळ्या आहेत.

पहिली वाट दुरुस्तीची. जुना संच बंद पडतो तो बहुधा स्वस्त भागांमुळे. कंडेन्सर सुकलेले असतात, आवाजाच्या गुंडीत धूळ बसलेली असते, काटा ओढणारी दोरी तुटलेली असते. कॅसेटचा डेक असेल तर रबरी पट्टा सैल पडलेला असतो आणि ध्वनिशीर्षावर काजळी धरलेली असते. व्हायब्रेटरच्या जागी त्याच मापाचा, न थरथरणारा इलेक्ट्रॉनिक भाग बसवता येतो. दुसरी वाट अशी, की जुनी पेटी जागेवर तशीच ठेवावी आणि नवा लहान ध्वनिवर्धक आसनाखाली किंवा डिकीत लपवावा. गाणी मोबाइलवरून बिनतारी येतील, पुढची फळी जशीच्या तशी राहील. तिसरी वाट, पेटीचे तोंड आणि गुंड्या जुन्या ठेवून आतले यंत्र नवे घालण्याची. ही वाट घेतलीच, तर काढलेले जुने भाग पिशवीत भरून, चिठ्ठी लावून घरात जपावेत.

कोणी विचारील, दुरुस्त करून ऐकायचे काय? प्रश्न खरा आहे. मध्यम आणि लघु लहरींवरची आकाशवाणीची पुष्कळ प्रक्षेपणे बंद झाली आहेत. नागपूरहून १९८८ साली प्रचंड ताकदीच्या प्रक्षेपकावर सुरू झालेली राष्ट्रीय वाहिनीसुद्धा बंद झाली. जुन्या पट्टीवर काटा फिरवला तर पुष्कळ जागी आता नुसती सळसळ आहे. विहीर बांधून काढावी आणि झरा आटलेला असावा, तसे हे झाले. तरीही मी म्हणतो, पेटी ठेवा. आटलेल्या विहिरीच्या काठावरही दोराचे वळ राहतात, आणि गावाने किती वर्षे पाणी ओढले ते त्या वळांवरून कळते. एका माणसाच्या हाती सारे गाणे नव्हते, केंद्र बोले आणि मोटारीतला धनी व चावडीवरचा शेतकरी एकाच वेळी ऐके, असा एक काळ होता. त्याची खूण म्हणजे ही दोन गुंड्यांची पेटी.

शिक्षकांना माझी विनंती आहे. इतिहासाच्या तासाला एक काम द्या. मुलांनी आपल्या गावातला एक जुना रेडिओ किंवा मोटारीतला डेक शोधावा, मालकाच्या परवानगीने पाहावा आणि पानभर टिपण करावे : कोणाचा, कधी घेतला, कुठे घेतला, परवान्याचे पुस्तक आहे का, शेवटची दुरुस्ती कोणी केली. जमल्यास त्या दुरुस्ती करणाऱ्या मिस्त्रीकाकांना शाळेत बोलवावे आणि त्यांचे बोलणे लिहून घ्यावे. यंत्रे काही वर्षे थांबतील, पण ही माणसे आता थकत चालली आहेत. त्यांच्या बोटांत जे आहे ते पुस्तकात आलेले नाही.

आणि मोटारवाल्यांना एवढेच : नवे जरूर बसवा, गाणी जरूर ऐका. फक्त जुने परत बसवता येईल अशा बेताने बसवा.